कोणापेक्षा मोठे दात?

आमच्या मॅडम लग्नाला गेल्या की नवरा-नवरीकडे बघत नसत. त्या दोघांच्या आयांकडे बघत. पंगतीत विहीणबाई समोर येतील अशी जागा धरायची आणि त्या हसतात कशा, घास तोडतात कसा, हे मठ्ठा संपेपर्यंत निरखत राहायचं. एकदा एका वरमाईंनी न राहवून विचारलं, "अहो, माझ्या तोंडाला काही लागलंय का?" मॅडम म्हणाल्या, "छे छे. फार छान चावता तुम्ही." त्या बाई उरलेलं लग्न मॅडमपासून चार हात लांब राहिल्या, आणि मला त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही.

मी दात सरळ करणारी डॉक्टर. कर्वेनगरात माझा दवाखाना आहे. पुण्यातल्या एका डेंटल कॉलेजात मी एमडीएस करत होते तेव्हा मॅडम आम्हाला शिकवायच्या. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळलं, कारण त्यांची आठवण झाली की मला अजून राग येतो. थोडा त्यांचा, आणि पुष्कळसा बाकीच्यांचा.

गेल्या आठवड्यात एक बाई मुलाला घेऊन आल्या. दुसऱ्या एका दवाखान्यात त्याच्या चेहऱ्याचा स्कॅन झाला होता. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. संगणकाने मुलाच्या चेहऱ्याची बाजूने बाह्यरेषा काढली होती, तिच्यावर 'आदर्श' चेहऱ्याची हिरवी रेषा ठेवली होती आणि मुलाचे ओठ त्या हिरव्या रेषेच्या पुढे येत होते तेवढा भाग लाल रंगवला होता. "मॅडम, याचं लाल आलंय," बाई म्हणाल्या. साखर वाढल्याचा रिपोर्ट दाखवावा तशा घाबरलेल्या आवाजात. मुलगा बिचारा ओठ दातांखाली दाबून बसला होता. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कोणापेक्षा?"

हा मॅडमचा शब्द. त्यावरून आम्ही त्यांचं नाव 'कोणापेक्षा मॅडम' ठेवलं होतं. नवा विद्यार्थी पेशंट तपासून सांगायला लागायचा, "मॅडम, पेशंटचे दात मोठे आहेत." की आल्या मॅडम, "कोणापेक्षा?" तो गडबडायचा. "म्हणजे नॉर्मलपेक्षा." "नॉर्मल कोण? नाव सांगा, आपण त्यांना भेटून येऊ." दात पुढे आहेत म्हटलं तर "कोणाच्या पुढे?", जबडा लहान आहे म्हटलं तर "तुम्हाला राहायचंय का त्यात?" पहिल्या वर्षाची अर्धी बॅच त्यांच्यापुढे उभं राहायला घाबरायची आणि उरलेली अर्धी त्यांची नक्कल करायची. मी दोन्ही केलं.

त्यांचा मुद्दा मात्र नक्कल करण्यासारखा नव्हता. आमच्या धंद्यात पेशंटचा बाजूने एक्स-रे काढतात, त्यावर रेषा आणि कोन काढतात, प्लास्टरच्या साच्यावर एकेका दाताची रुंदी मोजतात आणि हे सगळे आकडे एका तक्त्याशी ताडून बघतात. आकडा तक्त्यात बसला नाही की उपचार. हा तक्ता मुळात फार पूर्वी, दूर देशातल्या, मोजणाऱ्यांच्या मते देखण्या असलेल्या गोऱ्या माणसांची तोंडं मोजून केलेला. आता माणसांचे दात काही एका साच्यातून निघत नाहीत. कुठे रुंद असतात, कुठे अरुंद, कुठे ओठांची ठेवणच भरलेली असते. त्या तक्त्याने मोजलं तर निम्मा भारत आजारी ठरेल. मॅडम म्हणायच्या, "शिंप्याने लंडनच्या माणसाच्या मापाने सदरा शिवला आणि तो घट्ट झाला, तर आपण शिंपी बदलतो. तुम्ही गिऱ्हाइकाचा दंड कापताय."

त्यांचा स्वतःचा वरचा डावा सुळा रांगेच्या बाहेर होता. चांगला ऐटीत बाहेर. दात सरळ करणाऱ्या विभागातल्या बाईंचा दात वाकडा, याची पेशंटांनाही मौज वाटायची. एका काकांनी विचारलं होतं, "मॅडम, हा तुमचा सुळा नाही का सरळ करून घेतलात?" मॅडम म्हणाल्या, "मला त्याचा काही त्रास नाही. आपल्याला होतोय का?" काकांनी लगेच आपल्या नातीचा विषय काढला.

आणखी एक खूळ म्हणजे पेरू. मॅडमच्या टेबलाच्या खणात कायम मंडईतून आणलेले पेरू असायचे, तिखटमिठाच्या पुडीसकट. नवा पेशंट आला की त्याला पेरूची फोड द्यायची आणि खाताना बघायचं. त्याच्याबरोबर आई, मावशी, आजी, जी कोणी आली असेल तिलाही द्यायची. "दात आधी खायला असतात, फोटोला नंतर," हे त्यांचं म्हणणं. पेशंटच्या घरातलं मोठं माणूस बघितल्याशिवाय त्या निदानच करत नसत. "ही मुलगी चाळिसाव्या वर्षी कशी दिसेल ते तुमच्या तक्त्यात नाही, शेजारच्या खुर्चीत बसलंय." विभागात पेरूचा वास यायचा, मुंग्या व्हायच्या, स्वच्छतेच्या नावाने दोनदा लेखी समज आली. मॅडमनी ती वाचली आणि समज देणाऱ्यालाच फोड पाठवली.

एकदा कर्वेनगरच्या हॉस्टेलवर राहणारी एक मणिपुरी मुलगी आली होती. तिच्या वरच्या पुढच्या दातांच्या मागच्या कडा सुपाच्या काठासारख्या उचललेल्या होत्या. त्या भागातल्या पुष्कळ लोकांचे दात असतात तसेच. माझ्या बरोबरच्या एकाने आकडेमोड केली, वरचे दात प्रमाणापेक्षा जाड भरले, आणि त्याने कडा घासून काढायचं सुचवलं. मॅडमनी त्याला शांतपणे विचारलं, "आणि नाक कधी घासायचं?" मग त्यांनी तासभर बसून त्या मुलीच्या दातांच्या जाडीप्रमाणे तारेला बाक कसा द्यायचा ते दाखवलं. दातांना हात न लावता ते काम झालं. ती मुलगी जाताना मॅडमना म्हणाली, "माझ्या आजीचे पण असेच आहेत." मॅडम इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. तसा त्यांचा हात सढळ नव्हता.

आता आमच्या विभागप्रमुख सरांबद्दल सांगायला हवं. सर वाईट नव्हते. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. मृदू बोलायचे, प्रत्येकाला 'आपण' म्हणायचे, परीक्षेच्या आधी आम्हाला घरी जेवायला बोलवायचे. मॅडम त्यांना सीनियर, पण प्रमुखपद सरांना मिळालं होतं, कारण सरांचे लेख छापून यायचे आणि मॅडम लिहायच्याच नाहीत. "लिहा ना मॅडम," म्हटलं की म्हणायच्या, "ज्याला ऐकायचंय तो ऐकतो." हे साफ खोटं आहे. या जगात जे छापलं जातं तेच उरतं, आणि एवढी हुशार बाई एवढी साधी गोष्ट समजून घेत नव्हती, याचा मला आजही संताप येतो.

मॅडमच्या रोजच्या कटकटीचा एक परिणाम मात्र झाला. सरांनी मनावर घेतलं आणि आमच्या विभागाचा स्वतःचा तक्ता तयार केला. 'पुण्याचा नॉर्म.' मी कॉलेजात येण्याआधीच त्याची मोजमापं झाली होती. आमच्या वेळी तो रंगीत छापून, फ्रेम करून भिंतीवर लागला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. सर भाषणात म्हणाले, "याचं श्रेय मॅडमना आहे. परदेशी फूटपट्टी आपण आज खाली उतरवली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, तो मी पाहिलाय.

मॅडम पेढा हातात धरून तक्त्याजवळ गेल्या, चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "पुण्यातले कोण?"

सरांनी सांगितलं. आपल्याच कॉलेजातले विद्यार्थी मोजले होते. त्यातूनही सगळे नाहीत. आधीच्या बॅचच्या तिघांनी फोटो बघून ज्यांचे चेहरे 'प्रसन्न' वाटले तेवढेच घेतले होते. ज्यांचे ओठ पुढे, ज्यांचे दात मोठे, ते सुरुवातीलाच गाळले होते.

"म्हणजे ज्यांना इथली फी परवडते त्यांच्यातले, आणि त्यातले तीन पोरांना आवडले ते," मॅडम म्हणाल्या. "हा पुण्याचा नॉर्म कसला? हा आपल्या कँटीनचा नॉर्म आहे. तोसुद्धा खिडकीजवळच्या टेबलाचा."

सर पेढ्याचा बॉक्स हातात धरून उभे होते. मॅडमचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि ते चारचौघांत, नारळ फुटल्यावर पाच मिनिटांत, त्या आवाजात सांगायची काहीएक गरज नव्हती. केबिनमध्ये जाऊन सांगितलं असतं तर कदाचित सरांनी ऐकलं असतं. निदान पुढचं टळलं असतं. पण मॅडमना खरं बोलायचं असलं की ते टोचूनच बोलायचं असायचं. पुण्यात याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात आणि त्याचं फार कौतुक असतं. त्याची किंमत कोण भरतं ते कोणी विचारत नाही.

ती भरली सोळा वर्षांच्या एका मुलीने.

ही मुलगी कॉलेजात माझ्याकडे पेशंट म्हणून आली. राहायची बिबवेवाडीला. कुटुंब मूळचं अमरावतीकडचं. वडील चाकणला कारखान्यात, आई सरकारी कचेरीत. मुलीचा वरचा एक पुढचा दात वळलेला होता आणि वर्गातली मुलं चिडवायची, म्हणून ती हसताना ओढणी तोंडावर धरायची. बाकी दात मोठे, भक्कम, ओठ भरलेले, आणि सगळं तोंड आईचं उतरलेलं. आईने आत येताना मॅडमना "जय भीम मॅडम" म्हटलं. "जय भीम, बसा," म्हणत मॅडमनी खण उघडला आणि दोघींना पेरू दिला. दोघी एकाच पद्धतीने चावत होत्या, मान किंचित डावीकडे करून. मॅडम बघत राहिल्या. "हिचा तो एक दात फिरवायचा," त्या मला म्हणाल्या, "आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. समजलं?"

पण उपचार ठरायचे ते विभागाच्या बैठकीत. मी एक्स-रे लावला, आकडे वाचले. सरांनी भिंतीवरच्या नव्या तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ओठ बरेच पुढे आहेत. दातही मोठे. वरच्या दोन, खालच्या दोन, सुळ्यामागच्या चार छोट्या दाढा काढायच्या आणि पुढचे दात मागे घ्यायचे. अहो, आता तर आपला स्वतःचा नॉर्म आहे."

मॅडम म्हणाल्या, "आपला म्हणजे तुमचा."

आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तिने हळूच विचारलं, "सर, दाढा किडल्या आहेत का तिच्या?"

"नाही, दाढा चांगल्या आहेत. पण जागा करायला काढाव्या लागतील. चेहरा सुधारेल."

"पण तिचं तोंड तर माझ्यावानीच आहे," आई म्हणाली. "मग माझ्या बी काढायला पाहिजे होत्या का?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. मॅडम आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "द्या उत्तर. पदव्युत्तर आहात ना सगळे?" मी एक्स-रे काढून पाकिटात घालायला लागले. सर म्हणाले, "ताई, आपण काळजी करू नका, आम्ही रोज हेच करतो." आणि पुढची केस घेतली.

दाढा काढण्याचा दिवस ठरला. त्या सकाळी मी मुलीला आणि आईला घेऊन दात काढण्याच्या विभागात गेले, तर तिथल्या खुर्चीत मॅडम बसलेल्या. चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या, पदर खोचलेला, गळ्यात कागदी रुमाल बांधलेला. तिथला तरुण डॉक्टर घामाघूम झाला होता.

"मॅडम, उठा ना प्लीज. पेशंट आलाय."

"मीच पेशंट आहे," मॅडम म्हणाल्या. "त्या तक्त्यावर माझाही एक्स-रे लावून बघितला. ओठ पुढे, दात मोठे. ही मुलगी आणि मी शेजारी शेजारी आहोत. मी वयाने मोठी, माझा नंबर आधी. काढा चार."

"मॅडम, असं कसं काढणार? तुमचे दात चांगले आहेत."

"हो? मग तिचे?"

बाहेर रांग वाढली, नर्स आत-बाहेर करायला लागल्या, शेवटी सरांना बोलावणं गेलं. सर दारात आले, खुर्चीकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मॅडम, हा काय तमाशा आहे?" मॅडमनी तोंड उघडून बोटाने आपली दाढ दाखवली. आणि ती मुलगी हसली. ओढणी खांद्यावरच राहिली, मोठमोठे दात दिसत होते, आणि तिची आईही हसत होती. मला सरांचा राग, मॅडमचा तोरा, माझी रखडलेली केस, सगळ्याचा क्षणभर विसर पडला. इतकं सुंदर हसणं त्या विभागात मी दुसरं पाहिलं नाही, आणि आम्ही तेच बिघडवायला निघालो होतो.

त्या दिवशी दाढा निघाल्या नाहीत.

मॅडमवर कारवाई वगैरे काही झाली नाही. आपल्याकडे तसं उघड काही करत नाहीत. दोन दिवसांनी अत्यंत सभ्य भाषेतली एक सूचना लागली की मॅडमच्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ ग्रामीण भागाला व्हावा म्हणून त्यांची नेमणूक वेल्ह्याकडच्या शिबिरांसाठी करण्यात येत आहे. मॅडम रोज सकाळी कॉलेजच्या गाडीतून जायच्या आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून पोरांचे दात बघायच्या. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट कधी भेटल्या की सांगायच्या, "आज एका आजोबांचे सगळे दात शाबूत बघितले. ऊस सोलून दाखवला मला."

इकडे ती केस माझ्याकडून काढून माझ्या बरोबरच्या एकाला दिली गेली. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. सर म्हणाले, "भावनेच्या भरात उपचार ठरत नसतात. वडिलांशी मी स्वतः बोललोय. त्यांची संमती आहे." वडील कोण? बारा तास कारखान्यात उभं राहणारा माणूस. त्याच्याशी एवढे मोठे डॉक्टर स्वतः फोनवर, आदराने बोलले, मुलीचं भलं होईल म्हणाले. तो नाही कसा म्हणणार? आई कचेरीत असताना तो मुलीला घेऊन आला आणि चारही दाढा काढून झाल्या. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी आजही हे लिहिताना हात आवरते आहे. एवढी घाई कसली होती? कोणाला वाचवायचं होतं? मुलगी आजारी नव्हती. तक्ता आजारी होता, आणि त्याला बरं वाटावं म्हणून मुलीच्या दाढा काढल्या.

मॅडमचं शिबिर त्या आठवड्यात संपलं. त्या विभागात परत आल्या त्या सकाळी मी त्यांच्या टेबलाशी उभी होते. त्यांना सांगावं कसं याचा विचार करत होते, तेवढ्यात आई आली. मुलगी बाहेर बाकावर बसली होती, गाल सुजलेले. आई या वेळी नमस्कार करायचं विसरली. तिने पर्समधून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. आत चार दाढा होत्या.

त्या तिला कशा मिळाल्या, तेही सांगायला हवं. आमच्याकडे तार लावण्यासाठी काढलेल्या दाढांना फार मागणी असते. किडके दात शिकायला उपयोगी नाहीत, म्हणून खालच्या वर्षातले विद्यार्थी बाटली घेऊन दात काढण्याच्या खुर्चीशी थांबतात. चांगली दाढ मिळाली की तिच्यावर हात बसवतात. मीही शिकताना केलेलं आहे, सगळेच करतात. दाढा काढल्याच्या दुसऱ्या दिवशी आई रजा टाकून आली आणि तिने दाढा मागितल्या. "टाकून दिल्या," असं उत्तर मिळालं.

"तिथंच बाटलीत होत्या, मॅडम," ती म्हणाली. "मला दिसून राहिल्या होत्या. मी म्हटलं, माझ्या लेकराच्या आहेत, द्या. तवा दिल्या."

मॅडमनी एक दाढ उचलली आणि खिडकीपाशी नेली. मुळापासून टोकापर्यंत फिरवून बघितली. मग दुसरी. चारही बघितल्या. मला वाटलं, आता त्या उठतील, सरांच्या केबिनचं दार ढकलतील, सगळं कॉलेज डोक्यावर घेतील. पण त्यांनी चारही दाढा कागदावर पुन्हा ओळीने मांडल्या.

"एकीलाही काही झालेलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "एकीलाही नाही हो."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"या माझ्याकडे राहू द्याल? मी त्यांना दाखवते. सगळ्यांना दाखवते."

"नाही, मॅडम." आईने हात पुढे केला. "तुम्हाला दाखवायला आणल्या होत्या. तुम्ही नव्हत्या म्हणून. पण तिच्या आहेत त्या."

मॅडमनी शेवटची दाढ तिच्या तळहातावर ठेवली. आईने चारही मोजून पुडी बांधली, पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली आणि चेन ओढली. दारापाशी गेल्यावर ती वळून म्हणाली, "येते मॅडम. मऊ भात टाकायचा आहे घरी. तिला चावता येत नाही."